काम कुणाकडे जातं, ते बघा

नोकरीतले प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

प्रश्न : ताई, मी एका मोठ्या कंपनीत डेटा अॅनालिसिसचं काम करते. वर्षभरापूर्वी आमच्या टीमला नवे मॅनेजर आले. माणूस सभ्य आहे, आवाज चढवत नाही, वावगं कधी बोललेला नाही. तरी ते आल्यापासून काहीतरी बदललंय. क्लायंटसमोर बोलायला मला पुढे केलं जात नाही, मीटिंगच्या मिनिट्स लिहायला मात्र मीच. मी मांडलेला मुद्दा तसाच पडून राहतो आणि थोड्या वेळानं तोच दुसऱ्यानं मांडला की त्याचं कौतुक होतं. अप्रेझलमध्ये शेरा काय, तर 'चांगलं काम, असंच चालू ठेवा'. टीममध्ये मी एकटीच बाई, आणि आमच्या समाजातून इथवर पोचलेलीही मी एकटीच. घरी म्हणतात, तू फार मनाला लावून घेतेस. मैत्रीण म्हणते, हा सरळसरळ भेदभाव आहे. पुराव्याशिवाय कुणाला दोष द्यायचा नाही, पण रोज थोडं थोडं खचायला होतंय. नेमकं ओळखायचं कसं?

उत्तर : तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त काळजी वाटली ती 'असंच चालू ठेवा' या शेऱ्याची. त्याकडे येतेच. आधी घरच्यांचं म्हणणं.

घरच्यांचा जीव तुमच्यासाठी तुटतो, म्हणून ते तसं म्हणतात. शिवाय अशा गोष्टी एकेक करून सांगितल्या तर ऐकणाऱ्याला क्षुल्लकच वाटतात. मिनिट्स लिहिल्या, त्यात काय एवढं? मीटिंगचा निरोप उशिरा आला, राहून गेलं असेल. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं १९७३ साली मेरी रो नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंना तिथल्या नोकरदार स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करायला नेमलं. पुढे त्यांनी अशा बारीकसारीक अन्यायांबद्दलच लिहिलं. ते क्षणात होऊन जातात, सिद्ध करायला अवघड असतात, पुष्कळदा करणाऱ्यालाही त्यांचा पत्ता नसतो आणि जिथे एखादा माणूस बाकीच्यांहून वेगळा समजला जातो तिथे ते हमखास घडतात, असं त्यांचं म्हणणं. ते मला माझ्या कामात पदोपदी पटलं. नोकरीची बहुतेक वर्षं मी कर्मचारी विभागात काढली आणि त्यातली बरीच तक्रारी ऐकण्यात. 'मला अपमानास्पद बोलले' अशी सुरुवात असलेल्या तक्रारी त्यात कमीच. 'मला बोलावलंच नाही' या वाक्यानं सुरू होणाऱ्या भरपूर.

तुमचे मॅनेजर सभ्य आहेत, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण बहुतेक जण तिथेच अडखळतात. माणूस चांगला आहे, मग भेदभाव कसा असेल? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं नोकरीतल्या भेदभावाविषयी १९५८ साली एक करार केला, क्रमांक १११. त्यात म्हटलंय की वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय किंवा सामाजिक मूळ यांवरून केलेला फरक, वगळणं किंवा दिलेली पसंती यांमुळे संधीची वा वागणुकीची समानता बिघडत असेल, तर तो भेदभाव. सामाजिक मुळात जातही आलीच. मनात द्वेष असलाच पाहिजे अशी अट त्यात नाही, परिणाम बघायचा. आणि पसंतीचाही त्यात समावेश आहे. तुमच्यावर कुणाचाही राग नसेल, नेहमी दुसराच कुणी आधी आठवत असेल, तरीही ते यात बसतं. एखाद्या कामाला खरोखरच विशिष्ट पात्रता लागत असेल, तर तेवढ्यापुरता फरक मात्र हा करारही मान्य करतो.

आता ओळखायचं कसं. पहिल्यांदा बघा, हे साहेब सगळ्यांशीच असे वागतात का. निरोप उशिरा देणारे, कौतुकात हात आखडता घेणारे, दुसऱ्याचं श्रेय तिसऱ्याला देणारे साहेब पुष्कळ असतात. सगळ्याच टीमची तीच रड असेल, तर तो साहेब वाईट आहे आणि त्याचा इलाज वेगळा. म्हणून टीममधला एक सहकारी डोळ्यांसमोर ठेवा, ज्याचं काम, हुद्दा आणि अनुभव साधारण तुमच्याएवढाच आहे. त्याला निरोप कधी मिळाला? त्याची चूक झाली तेव्हा काय झालं? त्याला शेवटचं नवं काम कुठलं मिळालं? आपल्याला काय मिळायला हवं होतं याचा हिशेब मनात मांडत बसलं की माणूस थकतो आणि हाती काही लागत नाही. शेजारच्या खुर्चीशी तुलना केली की चार-सहा महिन्यांत चित्र दिसायला लागतं, इकडे किंवा तिकडे.

त्या चित्रात सगळ्यांत जास्त लक्ष कामाच्या वाटपाकडे द्या. काही कामं अशी असतात की ती केल्यानं माणूस वरच्यांना दिसतो: क्लायंटसमोर मांडणी, नवा प्रोजेक्ट, अडचणीच्या वेळी वरिष्ठांबरोबर बसणं. दुसरी कामं कुणीतरी करावीच लागतात, पण त्यांच्या जोरावर प्रमोशन कुणालाच मिळत नाही: मिनिट्स, मीटिंगची जुळवाजुळव, निरोपसमारंभ, नव्या माणसाला सिस्टिम दाखवणं. अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुसऱ्या प्रकारच्या कामांवर प्रयोग केले, ते २०१७ साली प्रसिद्ध झाले. स्त्रिया-पुरुष एकत्र असलेल्या गटात असं नकोसं काम अंगावर घ्यायला स्त्रिया जास्त वेळा पुढे आल्या आणि सांगणाऱ्यांनीही ते जास्त वेळा त्यांनाच सांगितलं. गटात नुसते पुरुष असले की तेच काम पुरुष बिनबोभाट करत होते. म्हणजे बायकांना त्याची आवड असते असं मुळीच नाही, त्या करतील असं सगळ्यांनी धरलेलं असतं. तुम्ही एक करून बघा. पुढच्या मीटिंगच्या सुरुवातीलाच, हसतमुखानं, 'मिनिट्स आपण पाळीपाळीनं लिहू या, आज कोण घेतंय?' असं विचारा. त्यावर काय होतं ते तुम्हाला पुष्कळ काही सांगून जाईल.

आता तो शेरा. ज्या माणसाला पुढे न्यायचंय, त्याला साहेब टोकतात. ही स्लाइड काढ, आकडा आधी दाखव, तू फार भरभर बोलतोस. जो आपल्यातला वाटत नाही, त्याला टोकायला लोक कचरतात, कधी त्याला लागेल म्हणून, कधी त्याच्याकडून फारशी अपेक्षाच नसते म्हणून. टोकणं बंद झालं की शिकणंही थांबतं, आणि दोन वर्षांनी कारण तयार असतं: 'अजून तयार नाहीत.'

एका तक्रारीच्या वेळी माझ्यासमोर दोन फाइली होत्या. हुद्दा एक, वर्ष एक, दोन्ही अहवाल लिहिणारा अधिकारीही एकच. पहिल्या अहवालात अर्धं पान भरून लिहिलेलं होतं: विश्लेषण चांगलं, पण निष्कर्ष शेवटच्या परिच्छेदात दडलेला असतो, वरिष्ठांच्या बैठकीत पुढच्या तिमाहीत दोनदा तरी बोलायला द्यावं. दुसऱ्यात एकच ओळ: मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळून मिसळून वागणाऱ्या. कामाचे आकडे दोघांचे जवळजवळ सारखे होते. बढती पहिल्याला मिळाली, कारण त्याला 'वरिष्ठांसमोर मांडणीचा अनुभव' होता. दुसऱ्या फाइलीत एकही वाईट शब्द नव्हता. त्या बाई मला म्हणाल्या, 'मॅडम, मला तर दर वर्षी चांगलंच म्हणत होते.'

हे कागदावर कसं साचतं, ते आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २०२१ साली लेफ्टनंट कर्नल नितीशा यांच्या प्रकरणात दाखवून दिलंय. सैन्यातल्या या स्त्री अधिकाऱ्यांना पूर्वी कायम कमिशनची, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत सैन्यात राहण्याची, वाटच नव्हती, त्यामुळे त्यांचे वार्षिक गोपनीय अहवाल वरवर लिहिले गेले. पुढे कायम कमिशन द्यायची वेळ आली तेव्हा तेच अहवाल पुढे ठेवून त्यांना तोललं गेलं. वरून नियम समान दिसतो, पण परिणाम विषम होतो, आणि हाही भेदभावच, असं न्यायालयानं म्हटलं.

म्हणून तुमचा तो शेरा तसाच सोडू नका. मॅनेजरना वेळ मागा आणि विचारा, 'पुढच्या वर्षी क्लायंटसमोर मांडणी करायची असेल तर माझ्या कामात नेमकं काय कमी आहे?' बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाका: 'आज आपण अमुक ठरवलं, त्याप्रमाणे मी अमुक करते.' साहेब भले असतील आणि त्यांच्या ध्यानात आलं नसेल, तर एवढ्यानं बदल दिसायला लागतो. मला असे साहेब भेटलेत, आणि त्यांची संख्या अगदीच थोडी नव्हती. आधी अनुभव कमी, मग वेळच मिळाला नाही, मग क्लायंटलाच तो दुसरा हवा होता, अशी कारणं दर वेळी बदलत गेली, तर मात्र सावध व्हा. भेदभावाचे खटले ऐकणारी न्यायालयंही या बदलत्या कारणांकडे बारकाईनं बघतात.

आणखी दोन ठिकाणी नजर ठेवा. एक, नियम शिथिल कुणासाठी होतात? लेखी नियम सगळ्यांना सारखेच असतात. फरक पडतो तो सवलतीत. सहकारी उशिरा आला तर 'ट्रॅफिक असेल', तुम्ही आलात तर एचआरचा ईमेल. त्याला तोंडी सांगून सुट्टी मिळते, तुम्हाला अर्ज लागतो. तुमच्यावर नियमाबाहेर काहीच झालेलं नसतं, म्हणून तक्रार करताना जीभ अडखळते. दुसरं, चूक आणि यश यांची कारणं कशी सांगितली जातात? त्याची चूक ही त्या दिवशीची चूक, तुमची चूक हा तुमचा स्वभाव. त्याचं यश ही हुशारी, तुमचं यश ही टीमची मदत. महिनाभर नुसतं ऐकत राहा.

शब्दांचंही थोडं सांगते. १९८२ साली अमेरिकेतल्या एका बड्या हिशेबतपासनीस फर्ममध्ये भागीदारीसाठी ८८ नावं होती, त्यात अॅन हॉपकिन्स ही एकच स्त्री. मोठं कंत्राट मिळवून देण्यात तिचा वाटा मोठा होता. तिचा निर्णय लांबणीवर पडला आणि तिला सल्ला मिळाला तो चालण्या-बोलण्यात, कपड्यांत जरा बायकी व्हावं, मेकअप करावा, दागिने घालावेत असा. खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८९ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की बाईनं कसं असावं याच्या ठोकळेबाज कल्पनेवरून कर्मचाऱ्याला जोखणं हा लिंगभेदच. तुमच्याबद्दल 'आक्रमक', 'शांत स्वभाव', 'आपल्या वातावरणात बसत नाही', 'इंग्रजी थोडं कच्चं' असं काही कानावर आलं, तर ते कामाच्या कुठल्या गरजेशी जोडलेलं आहे ते विचारा. उत्तर नसेल, तर नोंद करा.

नोंद म्हणजे काय, तेही सांगते, कारण माझ्यासमोर आलेल्या बहुतेक खऱ्या तक्रारी इथेच पडल्या. 'ते नेहमी मला डावलतात' या वाक्याचं कुणालाच काही करता येत नाही. तारीख, वेळ, कुठली मीटिंग, कोण कोण हजर, शब्द जसेच्या तसे, आणि त्यामुळे कामावर काय परिणाम झाला, एवढं लिहा. त्याच दिवशी लिहा. आपली भावना लिहायची असेल तर वेगळ्या ओळीत लिहा, घटनेत मिसळू नका. वही घरी ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र स्वतःकडे पाठवू नका, ते उलटतं. आणि चांगलं घडलं तर तेही त्याच वहीत लिहा. तुमच्या मॅनेजरनी एखाद्या मीटिंगमध्ये तुमची बाजू घेतली, तर त्याचीही नोंद हवी. त्यानं तुमचं स्वतःचं मत खरं राहतं आणि पुढे वही कुणी वाचलीच, तर तिच्यावर विश्वास बसतो.

मुद्दा हिरावला जातो त्यावर तिथल्या तिथे करण्यासारखं एक आहे. 'हो, मघाशी मी हेच म्हणत होते, त्यात पुढे असं जोडता येईल' असं म्हणून मुद्दा परत आपल्या हातात घ्या. महत्त्वाच्या मीटिंगआधी तुमचे मुद्दे सगळ्यांना ईमेलनं पाठवलेत तर आणखी बरं.

आणि फार थांबू नका. अमेरिकेतल्याच लिली लेडबेटर टायरच्या कारखान्यात १९७९ पासून जवळजवळ वीस वर्षं होत्या. नोकरी संपत आली तेव्हा कुणीतरी त्यांना निनावी चिठ्ठी ठेवली. त्यात त्यांचा आणि त्याच हुद्द्यावरच्या पुरुषांचा पगार होता. त्यांना महिन्याला ३,७२७ डॉलर, तर त्या पुरुषांतल्या सगळ्यांत कमी पगारवाल्याला ४,२८६. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली त्यांचा दावा मुदतीबाहेर म्हणून फेटाळला, कारण पगारातला फरक ठरला तेव्हापासून १८० दिवसांत तक्रार हवी होती. २००९ साली त्यांच्या नावानं कायदा बदलला, पण त्यांचे स्वतःचे पैसे गेले ते गेलेच. बहुतेक ठिकाणी तक्रारीला मुदत असते. तुमच्या कंपनीच्या धोरणात आणि तुम्हाला लागू असलेल्या कायद्यात ती किती आहे, ते या आठवड्यातच शोधून ठेवा. तक्रार करायचीच असं नाही, पण मुदत ठाऊक असू द्या.

पत्रावरून मी छातीठोक निवाडा देणार नाही. पण तुम्ही मनाला लावून घेताय, असं मला वाटत नाही. तुम्ही चांगलं निरीक्षण केलंय. चार महिन्यांच्या नोंदी झाल्या की पुन्हा लिहा.

प्रश्न : मॅडम, मी पोलिओमुळे कुबडी घेऊन चालतो. ऑफिसमध्ये सगळे माझ्याशी फार प्रेमानं वागतात, त्यामुळे हे लिहितानाही अपराधी वाटतं. पण बाहेरगावच्या साइटवर जायच्या यादीत माझं नाव कधीच नसतं. विचारलं तर म्हणतात, 'तुम्हाला कशाला दगदग?' साइटचा अनुभव नसेल तर पुढचं पद मिळत नाही.

उत्तर : अपराधी वाटून घेऊ नका. त्यांचं प्रेम खरं आहे आणि तुमचं नुकसानही खरं आहे. या प्रकारचा भेदभाव ओळखायला सगळ्यांत अवघड, कारण तो करणारा तुमच्या भल्यासाठीच करत असतो. इथे एकच बघायचं: निर्णय घेण्याआधी तुम्हाला विचारलं होतं का? विचारून तुम्ही नको म्हणालात तर ती मदत. न विचारता नाव गाळलं तर तुमची संधी दुसऱ्याच कुणीतरी तुमच्या नावानं नाकारली. बाळंतपणाहून परतलेल्या स्त्रियांचं आणि पन्नाशी ओलांडलेल्यांचंही नेमकं हेच होतं. 'घरी लहान बाळ आहे, तिला नको', 'या वयात नवं सॉफ्टवेअर कशाला'.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार हे अगदी स्पष्ट करतो: रास्त सोयी नाकारणं हाही भेदभावच. रास्त म्हणजे संस्थेला न झेपणारा बोजा न टाकणाऱ्या. त्यामुळे नुसतं 'मला पाठवा' म्हणू नका. 'मी पुढच्या साइटवर जाऊ शकतो, त्यासाठी मला तळमजल्यावर राहायची सोय, दारापर्यंत गाडी आणि पायऱ्यांच्या जागी दुसरी वाट लागेल', असं लेखी द्या. जिथे खरंच जाता येणार नाही अशी एखादी साइट असेल, तर ती तुम्हीच सांगून टाका. नकार आला तर तो कारणासकट लेखी मागा. बहुधा तसा येणार नाही. पुष्कळ साहेबांना अशा सोयींचा अंदाजच नसतो, आणि यादी समोर आली की काम किती सोपं आहे ते त्यांनाही दिसतं.

प्रश्न : मी स्वतः टीम सांभाळतो. माझ्या हातून असं काही होत असेल तर मला कसं कळणार? विचारायची सोय नाही, कुणी खरं सांगणार नाही.

उत्तर : विचारू नका, तुमचेच कागद काढा. गेल्या सहा महिन्यांत क्लायंटसमोर कुणी कुणी मांडणी केली, नवी कामं कुणाला दिली, मिनिट्स कुणी लिहिल्या, ट्रेनिंगला कोण गेलं, यांची नावं एका पानावर लिहून काढा. मग गेल्या वर्षीचे सगळे अप्रेझल एकत्र ठेवून वाचा, नावं झाकून. कुठल्या माणसाला काय सुधारायचं ते सांगितलंय आणि कुणाला नुसतं 'छान' म्हटलंय, ते खुणा करत जा. शेवटी नावं उघडा. ज्यांच्या वाट्याला नुसतं 'छान' आलंय, त्यांच्याशी या महिन्यात प्रत्येकी अर्धा तास बसा, आणि पुढचं दिसणारं काम त्यांच्यातल्याच कुणाला तरी द्या. सोबत पहिल्या मांडणीआधीची तयारीही त्यांच्याबरोबर बसून करा, कारण बाकीच्यांची तुम्ही ती आजवर करून घेतलेली आहे.